सातवा कंद आणि शनिवारचा सॉना

आमच्या घरातलं पहिलं खरं भांडण लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाल्यावर झालं, आणि तेही एका खड्ड्यावरून. मी त्याला तळं म्हणते. माझा नवरा ओइवा त्याला खड्डा म्हणतो. शेजारची हिल्का त्याला ‘डासांचा पाळणा’ म्हणते, आणि वर विचारते, “अगं ताइमी, यात राग येण्यासारखं काय आहे?”

शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाले त्या वर्षी मी ते तळं खणून घेतलं. एकतीस वर्षं दर गुरुवारी तीनशे पोरांना वाटाण्याचं सूप घातल्यावर बाईला एक तळं हवंसं वाटलं, तर बिघडलं कुठे? त्यात मला लाल वॉटरलिली फुललेली बघायची होती. लिली लावली. जूनअखेर तिची पानं वर आली, जुलै नुसता पानांतच गेला, आणि ऑगस्टच्या सत्तावीस तारखेला पहिली कळी दिसली. मी हिल्काला मुद्दाम बोलावून दाखवली. चौथ्या दिवशी दंव गोठून बर्फ झालं आणि कळी मिटल्या तोंडाने कुजून गेली.

ओइवा काठावर उभा राहून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, “खोली चांगली आहे.”

बस, एवढंच. त्याने जन्मभर दुधाचा टँकर चालवला. टँकरमध्ये बोलायला कुणी नसतं, त्यामुळे बोलण्याची सवयच नाही. पण पुढच्या आठवड्यात शेडच्या भिंतीला एक पोलादी शिडी टेकलेली दिसली. सॉनातून निघालं की वाफाळत्या अंगाने गार पाण्यात उतरायला लागते ना, तसली, दोन कठड्यांची. माझ्या तळ्यात या बाबाला डुबकी मारायची होती!

सगळा हिवाळा मी त्या शिडीकडे बघून धुमसत होते. मार्चमध्ये एकदा शिडीवरचं बर्फ झाडताना ओइवा शीळ वाजवत होता, तेव्हा माझा ताबा सुटला. “लिली फुलली तर ही शिडी उचलशील?” मी ओरडले.

“फुलली तर,” तो म्हणाला.

त्याच दुपारी कागद केला. ‘युहान्नुसच्या सणाला, जूनमध्ये, संध्याकाळी सहापर्यंत ताइमीची एक तरी लिली उमलली, तर तळं कायमचं ताइमीचं. न उमलली, तर लिल्या बाहेर आणि शिडी आत.’ खाली दोघांच्या सह्या, आणि पंच म्हणून हिल्काची. हिल्काने सही करताना चष्मा पुसून घेतला. जणू काही दोन देशांचा तह होत होता. कागद फ्रिजच्या दारावर लावला, मधमाशीच्या चुंबकाखाली.

आता माझा डाव असा होता, की तळ्यावरचं बर्फ मे महिन्यात वितळेपर्यंत वाट बघत बसायचंच नाही. लिलीचा कंद मी शरदातच काढून तळघरात ओल्या वाळूत ठेवला होता. तो मार्चमध्येच घरात लावायचा, उबेत वाढवायचा, आणि जूनमध्ये पानांसकट तळ्यात सोडायचा. म्हणजे ज्या वेळी गेल्या वर्षी पहिलं पान आलं, त्या वेळी यंदा कळी! कंद सुरीने कापला, प्रत्येक तुकड्याला एक कोंब राहील असा. सात तुकडे झाले. जड चिकणमातीत तिरके लावले, कोंबाचं नाक तेवढं मातीवर, वरून खडे, आणि त्यावर चार बोटं पाणी.

पण ठेवायचे कुठे? खिडक्यांत ओइवाच्या टोमॅटोच्या रोपांचे चोवीस डबे. न्हाणीघरात उभं राहण्यापुरती जागा. सगळ्या घरात फरशीची, सांडलेलं पाणी वाहून जाणारी आणि सतत उबदार राहणारी एकच खोली होती.

“सॉनात ठेवते,” मी जेवताना सांगितलं.

ओइवाने काटा खाली ठेवला. पुढचे दोन दिवस तो काही बोलला नाही. आमच्याकडे त्याला अबोला म्हणत नाहीत, विचार चालला आहे असं म्हणतात. तिसऱ्या दिवशी कॉफी ओतता ओतता त्याने विचारलं, “शनिवारी?”

“शनिवारीसुद्धा.”

“कधीपर्यंत?”

“जूनपर्यंत.”

बिचारा पांढराफटक पडला. पाच वर्षांचा होता तेव्हापासून या माणसाने एक शनिवार सॉनाशिवाय घालवलेला नाही. आमची मुलगी शनिवारी जन्मली, तेव्हाही तो आधी सॉना घेऊन मग दवाखान्यात आला होता, केस ओले ठेवून. ते मी अजून विसरलेले नाही, पण ते जाऊ दे. या वेळी मात्र त्याने मान हलवली आणि लिल्यांच्या कुंड्या उचलून द्यायला स्वतः आला. आपणच जिंकणार याची खात्री असली की माणूस मोठ्या मनाने वागतो, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

सहा कुंड्या सॉनाच्या वरच्या फळीवर मांडल्या, जिथे आपण बसतो तिथे, आणि वरून रोपांचा दिवा टांगला. सातवा तुकडा अगदीच मरतुकडा होता, एका टोकाला पिचपिचीत. त्याच्यासाठी कुंडी उरली नव्हती. “टाकून दे,” मी म्हटलं. पण ओइवाने कुठून तरी सॉनाची जुनी लाकडी बादली आणली, त्यात तो लावला आणि खाली फरशीवर, बाकाच्या पायाशी सरकवून दिला.

शनिवारी ओइवा बगलेत टॉवेल घेऊन हिल्काच्या सॉनात जायला लागला. हिल्काचा सॉना म्हणजे काय सांगू! शेगडी पंचावन्न अंशांच्या वर ती नेत नाही, वीज जळते म्हणते. वाफेसाठी शेगडीवरच्या तापल्या दगडांवर पाणी मोजून तीन पळ्या. तेही निलगिरीच्या वासाचं. आणि माणूस आत घामाची वाट बघत बसलेला असताना ही बया बाहेरून दाराला तोंड लावून बोलत राहते.

“तुझा नवरा आत इतका गप्प असतो,” ती मला म्हणाली, “की मी दर पाच मिनिटांनी हाक मारते. जिवंत आहे की नाही, कळायला नको?”

“ओ देतो का?”

“हुं म्हणतो.”

घरी येताना ओइवाच्या अंगाला खोकल्याच्या गोळ्यांचा वास यायचा. तो काही तक्रार करायचा नाही. फक्त सॉनाच्या दाराशी थांबायचा आणि काचेतून आतल्या लिल्यांकडे बघायचा, दिवा लागलेल्या, मस्तपैकी उबेत बसलेल्या. एकदा मी त्याला बादलीतल्या मरतुकडीशी बोलताना पकडलं. “तुलापण खालीच बसवलं,” असं काहीसं म्हणत होता.

सहा शनिवार असे गेले. वरच्या सहा लिल्यांना तळहाताएवढी तांबूस पानं आली. मी रोज पट्टीने मोजत होते आणि हिल्काला आकडे ऐकवत होते. सातवीला बोटाच्या नखाएवढं एक पान आलं होतं, तेही रडवेलं.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी हिल्का बहिणीकडे गेली होती, म्हणून ओइवाला सॉना नव्हता. मी वाचनालयात गेले होते. पावणेसहाला घरी आले, दार उघडलं, आणि नाकाला वास आला. शिजलेल्या चिखलाचा.

धावत गेले. सॉनाच्या दारात ओइवा उभा, अंगावर जन्मतःचा पोशाख, डोक्यावर सॉनाची लोकरीची टोपी, हातात टॉवेल. आत उष्णतेचा काटा ऐंशीवर, दगड तापून लाल. वरच्या फळीवर माझ्या सहा लिल्या. एकतीस वर्षं पालक शिजवलाय मी, त्यामुळे एका नजरेत कळलं की आता काहीही करून उपयोग नाही.

“अरे, काय केलंस हे?” मी किंचाळले.

“मी नाही,” तो म्हणाला.

“मग काय लिल्यांनी शेगडी पेटवली?”

त्याने स्वतःचा उजवा हात पुढे करून त्याच्याकडे बघितलं, दुसऱ्याच कुणाचा असावा तसं. “शनिवार होता. पाच वाजले. बटण फिरवलं गेलं.”

मला तो खोटारडा वाटला असता तर बरं झालं असतं, मनसोक्त भांडता तरी आलं असतं. पण माझाही हात तसलाच आहे. निवृत्त होऊन वर्ष होत आलं, तरी गुरुवारी सकाळी मी वाटाणे भिजत घालते आणि मग आम्ही दोघं रविवारपर्यंत सूप खातो. तरीही मी बोलायचं ते सगळं बोलले. मुद्दाम केलंस म्हटलं, शिडीसाठी केलंस म्हटलं, तुला डुबकीच प्यारी म्हटलं. तो नागडा उभा राहून ऐकत होता. शेवटी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मोठ्याने, नाक शिंकरत. तळं गेलंच होतं माझं.

चार दिवस मी सॉनात पाऊल टाकलं नाही. पाचव्या दिवशी ओइवा स्वयंपाकघराच्या दारात आला. “ताइमी,” तो म्हणाला, “सातवी.”

“तिचं काय?”

“ये.”

बाकाखाली, फरशीवर, जुन्या बादलीत सातव्या मरतुकडीने तीन नवी पानं काढली होती. चांगली बशीएवढी. मी तिच्यापाशी खाली बसले, आणि बसल्यावर कळलं. सॉनात उष्णता सगळी वर चढते. वर ऐंशी अंश असले तरी खाली फरशीवर पायाला नुसतं कोमट लागतं. ज्यांचे मी लाड केले, मानाने वर बसवल्या, त्या शिजल्या. आणि जिला खाली ढकललं होतं, तिला असं न्हाऊ-माखू मिळालं, की तिच्या कंदाला वाटलं असणार, उन्हाळा आला!

“शनिवारी परत लावू,” मी म्हटलं.

ओइवाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण पठ्ठ्या म्हणाला काय, तर “तिच्यासाठी.”

“तिच्यासाठीच रे. तू आपला सोबतीला.”

त्या शनिवारी आम्ही दोघं सात आठवड्यांनी आपल्या सॉनात बसलो, आणि पायाशी बादलीत लिली. ओइवाने शेगडी लावली, डोळे मिटले, आणि सुखाने एक लांब श्वास सोडला. मग त्याच्या त्या हाताने सवयीने पळी उचलली, सवयीने लाकडी बादलीत घातली आणि दगडांवर रिती केली.

लिलीच्या बादलीत!

काय ती वाफ! शेवाळ, चिखल, कुजका पाला, सगळा तळ्याचा तळ आमच्या नाकातोंडात. आम्ही धडपडत बाहेर आलो, खोकत, डोळे चोळत, अंगावर हिरवे ठिपके. मी ओरडायला तोंड उघडलं आणि ओइवाकडे बघितलं. त्याच्या भुवईवर एक गोगलगाय होती, छोटी, जिवंत. मी हसत सुटले ते थांबेचना. तोही हसला, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. पुढच्या शनिवारपासून लिलीच्या बादलीला लाल फडकं बांधलं.

मे असा गेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात बादलीत रोज थोडं थोडं तळ्याचं पाणी घालून तिला गारव्याची सवय लावली, आणि मग ओइवाने ती कमरेला धरून नेली आणि उजव्या काठाशी, उन्हात, तळ्यात उतरवली. मला वाटलं होतं, बादली जरा जोरात आपटेल. पण त्याने बाळ ठेवावं तशी ठेवली. शिडी शेडच्या भिंतीला होतीच. मी रोज दोघींकडे बघायची, आधी लिलीकडे, मग शिडीकडे.

पंधरा जूनला पाण्याखाली कळी दिसली. अठराला ती पाण्यावर आली. वीस तारखेला, युहान्नुसच्या सकाळी, तिच्या हिरव्या पाकळ्यांच्या फटीतून गुलाबी रेघ दिसली.

आणि पाऊस सुरू झाला. नऊ अंश. अर्थात! या सणाला दरवर्षी पाऊस ठरलेलाच. देशभर लोक चुलीपाशी बसून म्हणत असणार, युहान्नुस आला वाटतं. पण लिलीला ऊन लागतं. ऊन नसेल, ऊब नसेल, तर ती उमलत नाही, आणि दुपार टळली की तर नाहीच. मी छत्री धरून काठावर बसले. दोन वाजले, तीन वाजले. मी तिच्याशी गोड बोलले, मग रागावले, मग केस वाळवायचं यंत्र लांब वायर लावून आणायला निघाले, तेव्हा ओइवाने मला हाताला धरून घरात आणलं.

पाच वाजता हिल्का आली, हेरिंग माशांचा वाडगा घेऊन आणि मनगटावर दोन घड्याळं घालून.

“दोन कशाला गं?” मी विचारलं.

“पंच आहे मी. एक चुकलं तर?” ती तळ्यापाशी जाऊन वाकली. “मिटलेली आहे. तशी नोंद घेते हं, राग मानू नकोस.”

टेबलावर शेपू घातलेले नवे बटाटे वाफाळत होते, पण मी काट्याने एकच बटाटा ताटात लोळवत होते. सणाचा सॉना तापत होता. सव्वापाचला माझ्या लक्षात आलं की ओइवा जागेवर नाही. खिडकीतून बघते तर हा चांगल्या पँटसकट गुडघाभर तळ्यात! वाकला आणि लिलीची बादली उचलली.

“ओइवा! सहा वाजायचे आहेत अजून! इतकी घाई शिडीची?” मी पावसात धावले.

तो पाणी निथळत माझ्या बाजूने पुढे गेला. “गारठलीये ती,” एवढंच म्हणाला.

आणि सरळ सॉनात शिरला. फरशीवर कपडे धुवायचा मोठा टब तळ्याच्या पाण्याने भरून ठेवलेला होता. त्याने बादली त्यात सोडली, पानं पसरली, कळी सरळ केली. वर बघते तर रोपांचा दिवा. तो मी मे महिन्यातच काढून ठेवला होता. कुणी तरी परत टांगला होता, लिलीच्या बरोबर डोक्यावर.

“बसा,” ओइवा म्हणाला.

आम्ही तिघं खालच्या फळीवर ओळीने बसलो, कपड्यांसकट. हिल्काच्या अंगात रेनकोट, मांडीवर हेरिंगचा वाडगा.

“आयुष्यात मी कधी सॉनात कपडे घालून बसले नाही,” ती कुजबुजली. “कसंतरीच होतंय. लाज वाटते.”

“गप्प बस गं. बिचकेल ती.”

साडेपाच. घाम डोळ्यांत जायला लागला. पावणेसहा. हिल्काची दोन्ही घड्याळं वाफेने आंधळी झाली, ती रेनकोटाने पुसत राहिली. मी ओइवाचा हात घट्ट धरला होता, तोच तो उजवा हात. सहाला आठ मिनिटं असताना एक हिरवी पाकळी मागे झुकली. मग दुसरी. मग आतला लाल रंग हळूहळू बाहेर आला आणि मध्ये पिवळाधमक गोंडा. उमलली! माझी सातवी, मरतुकडी, बादलीतली!

मी रडत होते की घाम होता, सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

हिल्काने घसा साफ केला. “उमलली खरी. पण पंच म्हणून मला बोलायलाच हवं. तळ्यात नाही उमलली. सॉनात उमलली. हे बसतं का कागदात?”

मी तिला चावणारच होते. पण ओइवा आधी बोलला, आणि त्याच्या मानाने ते भाषणच होतं.

“हिल्का, हरलो असतो तर मी हरलो असतो. जिंकलो असतो तर मी जिंकलो असतो. मी म्हणतोय की मी हरलो. आता पंचाला काय काम उरलं?”

हिल्काने मग दोन्ही घड्याळं काढून खिशात टाकली आणि म्हणाली, “हेरिंग कोमट झाले, चला.”

जेवणं झाली. लिली परत तळ्यात गेली, उजव्या काठाशी. हिल्काने आणि मी सॉना घेतला, या वेळी रीतसर, कपड्यांशिवाय. मग ओइवा गेला. बाहेर आला तेव्हा पाऊस थांबला होता. लोकरीची टोपी घालून तो अंगणात उभा राहिला, अंगातून वाफा निघत होत्या, आणि तो तळ्याकडे बघत होता. एक पाऊलसुद्धा पुढे टाकत नव्हता. कागद म्हणजे कागद.

मला इतका राग आला त्याचा! “अरे, उतर ना मूर्खा! तळं माझं आहे ना? मी सांगते, उतर. पण डाव्या बाजूने, आणि लिलीला पाय लावशील तर बघ.”

तो शेडकडे गेला, शिडी घेऊन आला, आणि डाव्या काठाच्या सपाट दगडांशी वाकला. शेवाळ बाजूला केलं. खाली चार लाकडी बुचं होती. ती उपटली, शिडीचे बोल्ट त्या भोकांत बसवले, आवळले. दोन मिनिटांत शिडी उभी.

“ही भोकं कधी पाडलीस?” मी विचारलं.

“सप्टेंबरात. शिडी आणली तेव्हा.”

म्हणजे कागद व्हायच्या सहा महिने आधी. मी दगडांकडे बघितलं, मग तळ्याकडे. डावीकडे दिवसभर शेडची सावली असते. तिथे काहीही उगवत नाही.

“डावीकडेच का पाडलीस?”

“उजवीकडे ऊन येतं,” तो म्हणाला. “तुझ्या लिलीला लागतं.”

“अरे, मग हे सप्टेंबरात का नाही बोललास?”

ओइवाने पाण्यात एक पाय घातला आणि गारठ्याने दात आवळले.

“तू विचारलं नाहीस,” तो म्हणाला, आणि टोपीसकट गळ्यापर्यंत पाण्यात उतरला.